वर्गणीला आत्या चालते, तक्रारीला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांतल्या दादागिरीवरची बातमी काल तुमच्या अंकात वाचली. ‘पालकांनी वेळीच शाळेशी संपर्क साधावा’ असा सल्ला त्यात एका अधिकारी साहेबांनी दिला आहे. सल्ला उत्तम. फक्त ज्या मुलाचे आईवडील शाळेच्या फाटकापर्यंत येऊच शकत नाहीत, त्याच्या वतीने संपर्क कोणी साधायचा, तेही जाता जाता सांगितलं असतं तर उपकार झाले असते.

माझा भाचा आठवीत आहे. भाऊ जहाजावर, वहिनी वारली. पोर आमच्याकडे राहतं. हे काही कोर्टात जाऊन ठरलेलं नाही. वहिनीच्या बाराव्याला घरची माणसं बसली आणि ठरलं. बाप शिपवर, आई कुवेतला, पोरं आजीकडे नाहीतर मावशीकडे, अशी घरं आपल्या गोव्यात वाड्यावाड्यावर सापडतील. शाळांना हे ठाऊक नाही असं कोणी म्हणू नये.

या मुलाचा डबा रोज रिकामा परत यायचा आणि मी खूश होते, की वहिनी गेल्यापासून न जेवणारं पोर आता जेवायला लागलं. खरा प्रकार बालरथातल्या, म्हणजे शाळेच्या बसमधल्या, बाईने सांगितला. मागच्या सीटवरची तीन-चार पोरं त्याचा डबा काढून घेतात, दप्तर खिडकीबाहेर धरतात आणि ‘तुका बापायन हांगा उडयला’ (तुला बापाने इथे टाकून दिलं) असं सुरात म्हणतात. उडयला म्हणे! त्याचा बाप रोज रात्री नेटवर्क मिळेल तिथून त्याला फोन करतो.

मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका बोलायला अगदी गोड. ‘तुमची तळमळ समजते हो, पण तुम्ही आत्या. रेकॉर्डला वडिलांचं नाव आहे. लेखी तक्रार त्यांचीच लागेल.’ म्हटलं, ते समुद्रात आहेत. तर म्हणाल्या, ‘मग शाळेच्या वेळेत व्हिडिओ कॉल लावा.’ म्हणजे इथली मधली सुट्टी पाहून जहाजाच्या कप्तानाने माझ्या भावाला इंजिनरूममधून वर पाठवायचं. भावाने मोबाइलवर अधिकारपत्र पाठवलं, ते चाललं नाही. स्टॅम्पपेपर हवा, नोटरी हवी. समुपदेशकांना भेटवा म्हटलं, तर त्याच्या संमतीपत्रावरही वडिलांचीच सही. वर्गशिक्षकांचं मत असं, की पोरं थट्टामस्करी करायचीच, हाच जरा हळवा आहे.

शिक्षक-पालक संघाची वर्गणी मात्र माझ्या हातून घेतली होती, पावती माझ्या नावाची आहे. ताप आला की फोन मलाच येतो. स्नेहसंमेलनाचा ड्रेसही मीच शिवून दिला. तेव्हा कोणी रेकॉर्ड उघडून बघितलं नाही.

आणि कळस ऐका. एक दिवस भाच्याने त्यातल्या एकाला ढकललं. त्या पोराचा कोपर सोलवटला. संध्याकाळच्या आत मला बोलावणं! ताकीदपत्र टाइप होऊन तयार होतं. खाली ‘पालकांची सही’ अशी रेघ. म्हटलं, मी तर आत्या. ‘असू दे, तुम्हीच करा, घरी तुम्हीच बघता ना!’ केली सही. काय करणार?

त्या पोरांना हे सगळं आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. कोणाच्या बापाला शाळेत बसवून चहा देतात आणि कोणाच्या आत्येला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात, हे ती रोज पाहतात. मग दप्तर कोणाचं खिडकीबाहेर धरायचं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

शेजारच्या वकिलांनी दाखवलं, की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाचा ताबा आणि सांभाळ ज्याच्याकडे आहे तोही पालकच धरला आहे. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच. त्यानंतर आत्येने काय करायचं, देव जाणे. आपल्या विधानसभेचा 2003 चा बाल कायदाही आहे. बोलण्याने मुलाची मानहानी करणं हासुद्धा त्यात छळ आहे. आता मला काही तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना कोर्टात उभं करायचं नाही, तीही कोणाची तरी लेकरं. पण प्रवेश अर्जावर ‘मूल कोणाकडे राहतं’ एवढी एक ओळ घालायला आणि त्या माणसाची तक्रार वहीत नोंदवून घ्यायला शिक्षण खात्याला कोणता निधी लागतो? मुलांच्या मदतीसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर फोन करावा म्हणतात. करीन. पण तिथून माणूस शाळेत आला तर नंतर त्या बालरथात बसायचं आहे भाच्यालाच.

जाता जाता तुम्हालाही एक विचारते. एवढी महत्त्वाची बातमी तुम्ही सातव्या पानावर तळाशी दडपली आणि पूर्ण पान नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांना दिलंत. त्यातले अर्धेअधिक शुभेच्छुक वेगवेगळ्या शाळांच्या व्यवस्थापनांवर आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

पत्र छापलंत तर माझं नाव गाळा. शाळेचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. दहावीपर्यंत पोराला तिथेच काढायचं आहे.

— एक वाचक, डिचोली तालुका