बाळाचे डोके मोजायला टेप कधी येणार? सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी जत तालुक्यातल्या आमच्या गावच्या अंगणवाडीत लसीकरण होते. शेजारच्या चार महिन्यांच्या मुलीचे वजन झाले, लस टोचून झाली, कार्डावर नोंद पडली आणि तिची आई घरी निघाली. मुलीचे डोके मला वेगळे वाटले, म्हणून मी शिलाईच्या पिशवीतली टेप काढून भुवयांच्या वरून आणि मागच्या फुगवट्यावरून घेर घेतला. तो पंचेचाळीस सेंटिमीटर भरला. नर्सताईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "ताई, डोक्याची टेप आमच्याकडे आलेलीच नाही." ही टेप पाडव्यापर्यंत प्रत्येक उपकेंद्रात पोहोचेल, असे मला दिवाळीआधी एका कार्यालयातून लेखी कळवण्यात आले होते. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे.

माझा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या डोक्याचा घेर पस्तीस सेंटिमीटर होता. पुढची नोंद थेट पाचव्या महिन्यातली, मिरजेतली आहे: अठ्ठेचाळीस. त्या वयाच्या मुलाचे डोके साधारण साडेबेचाळीस असते, हे मला त्या दिवशी समजले. या दोन नोंदींच्या मध्ये आशाताई सहा वेळा घरी आल्या, तीन वेळा लस झाली आणि तपासणीचे पथकही येऊन गेले. पथकाच्या कागदावर 'डोक्याचा घेर' असा रकाना आहे आणि तो कोरा आहे.

सासूबाई रोज त्याची टाळू भरत असत. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "अगं, तेल टाळूत ऱ्हाईना, खाली वघळतंय." टाळू खोलगट राहिली नव्हती, फुगून ताठ झाली होती. टोपड्याचे बंद हनुवटीखाली पोहोचेनात, म्हणून मी महिनाभरात दोन टोपडी मोठी करून शिवली. मी दिवसभर लोकांची मापे घेऊन पोट भरते, आणि माझ्या मुलाचे माप माझ्या हातात असूनही त्याचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. येणारेजाणारे म्हणत, "डोकं मोठं आहे, साहेब होणार." मग तो दूध ओकू लागला, त्याची बुबुळे खाली झुकून वरचे पांढरे दिसू लागले, तेव्हा आम्ही एस.टी.ने मिरज गाठले. डोक्यात पाणी साठले होते. मेंदूतून पोटापर्यंत कातडीखालून नळी घालावी लागली. शस्त्रक्रिया महात्मा फुले योजनेत झाली, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण आधीच्या तपासण्या, मुक्काम आणि पुढे नळी तुंबल्यावर झालेल्या खेपा यांत साठ हजारांच्या वर गेले आणि दोन शेळ्या विकाव्या लागल्या. मुलगा आता चौदा महिन्यांचा आहे आणि अजून आधाराशिवाय बसत नाही. दोन महिने आधी आणला असता तर मेंदूवर इतका दाब आला नसता, हे डॉक्टरांचे वाक्य घेऊन मी रोज झोपते.

मोठ्या डोक्याचे प्रत्येक बाळ आजारी नसते, हेही मला त्यांनीच समजावले. पुष्कळदा आईबापांचेच डोके मोठे असते आणि बाळ सुखरूप वाढते. म्हणूनच एकदा मोजून भागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत घेर महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन महिने एक आणि नंतर अर्धा. त्याहून भरभर वाढू लागला की बाळाला पुढे पाठवायचे. टाळू उघडी असते तोवर तिच्यावरून साधी सोनोग्राफी करूनही डोक्यातले पाणी दिसते. यात अवघड काय आहे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाचे दोष लवकर ओळखायचे, हा त्याचा हेतू. मग इतक्या वर्षांनी आमच्या अंगणवाडीत वजनकाटा आहे, उंचीची पट्टी आहे, दंड मोजायची पट्टी आहे आणि डोक्याची टेप नाही, याचा जाब मी कोणाला विचारू? नर्सताई आणि आशाताईंवर माझा राग नाही; त्यांच्या हातात दहा वह्या आणि एक मोबाइल दिलेला आहे, आणि वरून जे विचारले जाते तेवढेच त्या भरतात. वरून वजन विचारतात. डोके कोणी विचारत नाही, म्हणून ते मोजले जात नाही. २०२२ मध्ये सीमेचा वाद पेटला तेव्हा जत तालुक्याचे नाव रोज बातम्यांत होते आणि हा भाग आमचाच, असे दोन्ही राज्यांचे नेते सांगत होते. आम्ही आपले असू, तर आमच्या मुलांची डोकी कोण मोजणार? पाणी शेवटी आमच्याकडे, रस्ता शेवटी आमच्याकडे, आणि मिरजेला एवढे दवाखाने असून तिथवरची वाट आम्हाला कोणी वेळेवर दाखवत नाही.

प्रत्येक लसीच्या वेळी डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहिला जावा, टाळूवरून सोनोग्राफीची सोय जतच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी तरी असावी, आणि मला लेखी दिलेल्या शब्दाचे काय झाले ते लेखीच कळवावे, एवढेच माझे मागणे आहे.

शेजारच्या मुलीला उद्या पहाटेच्या गाडीने मिरजेला नेत आहोत. तिची आई सोबत कोणी नाही म्हणून घाबरली आहे, त्यामुळे मीही जाते आहे.

आपली,
एक आई,
ता. जत, जि. सांगली