जळालेली सळई

अंबाजोगाई

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, अणुभट्टी थंड ठेवण्याच्या तुझ्या प्रयोगातली हीटरची सळई जळाली, सहा महिने पाण्यात गेले. साखर कारखान्यातल्या सवयीनं मी आधी विचारलं, लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या नळ्यांच्या चक्रात, पाणी होतं ना? होतं म्हणालीस, पंपही चालू होता. तेव्हापासून डोक्यात तेच. आमच्या बॉयलरची ट्यूब जळते ती पाणी घटल्यावर, नाहीतर आतून क्षार धरल्यावर. पाण्यात बुडालेली सळई जळते कशी?

काल तुझ्या आईचा तवा मागून घेतला. (तिला वाटलं, हंगाम संपला की माणूस बिघडतो.) मध्यम तव्यावर थेंब चर्रकन आटला. धूर निघेपर्यंत तापवला, तर थेंब मोत्यासारखा गोल होऊन कितीतरी वेळ पळत राहिला. खाली वाफेची गादी, पाणी तव्याला शिवतच नाही. धरण उशाला अन् कोरड घशाला! सळईचं तेच झालं असणार.

आमच्या बॉयलरचा बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, थांबवला की जाळ विझतो. तुमची अणुभट्टी बंद केली तरी त्या क्षणी सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, तासाभरानंतरही दीडेक टक्का. ७०० मेगावॅट विजेच्या भट्टीत उष्णता दोन हजार मेगावॅटच्या वर. म्हणजे बंद भट्टीसुद्धा सुरुवातीला शंभरावर मेगावॅट ओकते. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. मागून आलेल्या त्सुनामीनं डिझेल जनरेटर बुडवले अन् पाणी फिरवायला वीज उरली नाही. गावात विचारतात, पोरगी बॉम्ब करती का? मी सांगतो, ती पाणीवाली आहे.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नोकरीच्या दुसऱ्या हंगामात, रात्रपाळीला, बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीच्या, म्हणजे गेज ग्लासच्या, खालच्या कॉकमध्ये गाळ अडकला. काचेत पाणी अर्ध्यावर दिसत होतं, बॉयलरच्या ड्रममध्ये नव्हतं. ग्लास ब्लो करून, म्हणजे कॉक उघडून वाफेनं झटकून, बघायचा मी कंटाळा केला. ट्यूबा वाकल्या, गाळप चार दिवस बंद. 'लेव्हल बरोबर होती असं लिही,' एकानं सुचवलं. मी लॉगबुकात लिहिलं, ग्लास तपासला नाही. पगार कापला गेला. पुढं नव्या पोरांना शिकवताना तेच पान उघडायचो.

सळई किती दाबाला, किती प्रवाहात, किती उष्णतेला गेली, ते प्रबंधात लिही. पुढच्या पोराला ते आकडे लागतील. अन् ती भंगारात टाकू नको. दिवाळीला येताना घेऊन ये, नेमकी कुठं काळी पडली ते मला बघायचंय.

तुझा
अण्णा