खिडकीखालचं नाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या छोट्याशा चर्चमधल्या रंगीत काचांच्या देणगीदारांची यादी करायचं काम तुझ्याच गळ्यात पडलं, हे वाचून हसू आलं. कारण पुढच्याच ओळीत तू लिहिलं आहेस, देवाच्या घरात नाव कोरून घेणाऱ्यांची तुला चीड येते म्हणून. ही चीड जुनी आहे बरं. चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी कवितेत एक मठवासी श्रीमंत बाईला सांगतो, आमच्या खिडकीला काच बसवून दे, तुझं नाव कोरतो, मग स्वर्ग तुझाच!

पण यादी करताना एक बघ. गेल्या दोनेकशे वर्षांतल्या खिडक्यांखाली बहुधा नाव असतं ते गेलेल्या माणसाचं. पैसे देणारा 'पत्नी व मुलांकडून' एवढ्यावर उरकतो, कधी तेवढंही नाही. तेव्हा नुसत्या पाट्या उतरवून भागणार नाही. हिशेबाच्या वह्या, सभांची इतिवृत्तं, काच बनवणाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं उपसावं लागेल. कोपरेही नीट बघ. केम्प नावाचा इंग्रज कारागीर काचेत गव्हाची पेंढी काढायचा, तीच त्याची सही. तुमच्याकडेही असलं काही निघेल.

फ्रान्समधलं शार्त्रचं कॅथीड्रल तू ऐकून असशील. तिथली उत्तरेकडची गोल खिडकी राणी ब्लांशची मानतात. काचेत फ्रान्सची लिली आणि स्पेनमधल्या कास्तीयचे किल्ले आहेत, म्हणजे सासर-माहेर दोन्ही मिरवलंय. खालच्या काचांत मात्र पाववाले, चांभार, सुतार आपापल्या कामात गर्क. ही त्यांचीच देणगी, असं पूर्वी बिनदिक्कत सांगत. आता काही अभ्यासक म्हणतात, चित्र त्यांचं असलं म्हणून पैसा त्यांचाच कशावरून? मलाही ही शंका रास्त वाटते. तूही चित्रावरून देणगीदार ठरवू नकोस.

त्यापेक्षा मला इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं सेंट नीऑट आवडतं. गावातलं साधं चर्च. तिथली एक खिडकी १५२३ साली चर्चच्या हद्दीतल्या पश्चिमेकडच्या बायकांनी दिली. दुसरी गावातल्या तरुण पोरांनी, आणखी एक मुलींनी. खाली त्या बायका ओळीनं गुडघे टेकून बसल्यात. नावाचा सोस म्हणून यांनाही झोडपशील का?

आणि ट्यूडली. इंग्लंडमधल्याच केंटचं हे चर्च अगदी लहान. १९६३ साली सर हेन्री डाव्हिगडर-गोल्डस्मिड यांची एकवीस वर्षांची मुलगी सारा समुद्रात नाव उलटून गेली. आईवडिलांनी तिच्या आठवणीसाठी चित्रकार मार्क शगालकडून खिडकी करून घेतली. वडील ज्यू, शगालही ज्यू, आणि खिडकी ख्रिस्ती देवळाची! निळ्या लाटांत बुडालेली मुलगी, वर क्रुसाकडे जाणारी शिडी. १९६७ साली काच बसली तेव्हा शगाल स्वतः आला, आणि बाकीच्याही करतो म्हणाला. बाराच्या बारा खिडक्या पुऱ्या व्हायला १९८५ उजाडलं. तो त्याच वर्षी गेला. आता सांग, यादीत 'देणगीदार' म्हणून कुणाला घालायचं? मी तर शगालचंही नाव घातलं असतं.

त्याच १९६३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत, अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये, कृष्णवर्णीयांच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब उडवला. चार मुली मेल्या. बातमी वेल्समध्ये पोचली, तसा जॉन पेट्स हा काचकलावंत म्हणाला, खिडकी मी करून देतो. एका वर्तमानपत्रानं वर्गणी सुरू केली आणि अट घातली, कुणीही अर्ध्या क्राउनपेक्षा, म्हणजे तेव्हाच्या एका लहानशा ब्रिटिश नाण्यापेक्षा, जास्त द्यायचं नाही. एखाद्या धनिकानं सगळी रक्कम भरून टाकू नये म्हणून! पोरंसोरं नाणी घेऊन रांगा लावायची. १९६५ साली ती खिडकी तिथे बसली: हात पसरलेला काळा ख्रिस्त. त्यावर देणाऱ्यांचं नाव आहे, 'वेल्सची जनता'. जास्तीत जास्त किती द्यायचं हे ठरवणारी वर्गणी मी दुसरी ऐकली नाही. तुला असली अट सुचली असती का? मला नसती सुचली.

तुझ्या वह्यांत एखाद्या खिडकीपुढे नुसतं 'वर्गणीतून' लिहिलेलं सापडलं, तर ते पान आधी मला पाठव. एकेकाचे किती जमले हेही उतरव. आणि तुझ्या समितीत कुणी 'एवढे बारीक आकडे कशाला' म्हणालं, तर खुशाल भांड.

तुझाच,
जुना मित्र