आजीचा गडू रामेश्वराला पोचला

बाळ्या,

तुझे तीन मिस्ड कॉल दिसले, पण तेव्हा फोन देवळाबाहेर जमा केलेला होता, आत न्यायला बंदी आहे. आणि नंतर म्हटलं हे फोनवर नको, लिहितोच.

आजीचा गंगेचा गडू आठवतो ना, देवघरातला, सील केलेला, ज्याला हात लावला म्हणून आपण दोघांनी मार खाल्लेला? काशी करून आली पण रामेश्वर राहिलं ते राहिलंच बिचारीचं. यंदा आईने हट्टच धरला. मग मदुराईपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, गुडघ्याला पट्टा बांधून आई खिडकीत आणि गडू तिच्या मांडीवर.

पांबनला बस पुलावर चढली की खाली रेल्वेचा पूल दिसतो. जुना १९१४ चा, मधोमध दोन्हीकडून उघडायचा आणि माणसं हाताने ते फिरवायची. शेजारचा नवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, त्याचा ७२.५ मीटरचा तुकडा लिफ्टसारखा सरळ वर जातो आणि खालून जहाज. मी तोंड उघडं टाकून बघतोय आणि आई डोळे मिटून रामरक्षा म्हणतेय.

पहाटे अग्नितीर्थावर समुद्रात बुडी, मग देवळातली २२ तीर्थं. म्हणजे विहिरीच रे, काठावर माणूस उभा, बादली खाली सोडतो आणि भस्सकन डोक्यावर! समुद्र हाकेवर असून पाणी खारट नाही, आणि प्रत्येकाची चव वेगळी म्हणतात पण मला पाचव्यानंतर फक्त थंडी कळत होती. फरशी निसरडी, आई माझ्या खांद्याला धरून एकही कुंड न सोडता. शेवटी ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत म्हणून बदलायला गेलो तर पिशवी ठेवलेली एका दाराशी आणि आम्ही बाहेर पडलो भलत्याच दाराने. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी, आणि ही म्हण खुद्द रामेश्वरात कुडकुडत आठवायची! पण त्या नादात तो लांबच लांब खांबांचा प्रदक्षिणामार्ग पूर्ण बघून झाला, हजारावर खांब आहेत, टोकाकडची माणसं मुंगीएवढी दिसतात.

दर्शनात एक गंमत. सीतेने वाळूचं केलेलं लिंग ते रामनाथ, पण पूजा आधी मारुतीने कैलासाहून आणलेल्या लिंगाची. उशीर झाला म्हणून रुसला असेल, तर रामाने अशी समजूत काढली. मला हा निर्णय फार आवडला.

आणि ऐक, इथले पुजारी मूळचे मराठी, शृंगेरीची दीक्षा घेतलेले. एका गुरुजींनी तमिळ हेल काढून मराठीत विचारलं, "कुठनं आलात?" आई तिथेच रडली. अभिषेकाची पावती फाडली, गडूचं सील फोडलं, आणि आत जेमतेम वाटीभर पाणी! बाकी इतक्या वर्षांत कुठे गेलं देव जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तर आई म्हणते, नाथांनी कावड गाढवाला पाजली, ती पोचलीच ना, आणि आपलं तर वाटीभर आहे. मी गप्प.

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडी. डिसेंबर १९६४ च्या वादळात अख्खं गाव गेलं, पॅसेंजर गाडीसकट. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही, बाजूला शंखशिंपल्यांची दुकानं आणि सेल्फीवाले. मला तिथे फोटो काढवेना. पुढे रस्ता संपतो त्या टोकाशी दोन्हीकडे समुद्र, आईने वाकून मूठभर वाळू रुमालात बांधली.

ती वाळू आता प्रयागला गंगेत सोडायची, मग यात्रा पुरी. सध्या स्टीलच्या डब्यात आहे, परवा बायको त्याच्यावर "मीठ" लिहिणार होती, वाचली थोडक्यात.

थंडीत जायचं म्हणतोय. मार दोघांनी खाल्लाय, तेव्हा सुट्टी टाक आणि तारखा कळव.

तुझा,
पक्या