सतरा नंबरच्या लेण्यातल्या गाईडदादांना

स. न. वि. वि.

अजिंठ्यात महाकपीच्या चित्रासमोर बहुतेक जण दोन वाक्यांत गोष्ट उरकतात. 'तात्पर्य, परोपकार करावा' म्हणतात आणि मुलांना पुढच्या लेण्याकडे पिटाळतात. पोरांची पुस्तकंही तशीच. वानरराजाने अंगाचा पूल केला, वानर सुटले, संपलं. मुळात अंगाचा पूल करायची वेळ का आली, हे कुणी सांगतच नाही. तुम्ही सांगितलंत.

पाली जातकांतली, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींतली, ही ४०७ वी कथा. गंगेकाठच्या आंब्याचं फळ पाण्यात पडलं तर माणसं माग काढत येतील, म्हणून वानरराजा नदीवरच्या फांदीचा मोहोर आणि फळं आधीच काढून टाकायला लावतो. मुंग्यांच्या घरट्याआड एक फळ राहून जातं. ते पिकून पडतं, वाहत जाऊन वाराणसीच्या राजाच्या जाळ्यात अडकतं, आणि राजा तिरंदाज घेऊन झाडाखाली येतो. वानरराजा उडी घेऊन पलीकडचा काठ गाठतो. अंतर शंभर धनुष्यांचं. वेताचा वेल तोडताना तो हिशेब करतो: झाडाला बांधायला इतका, अधांतरी इतका. कमरेच्या वेढ्याला लागणारा वेल मात्र धरायचा राहतो. परत उडी घेतल्यावर नेमका तेवढाच कमी पडतो. मग दोन्ही हातांनी आंब्याची फांदी घट्ट धरायची आणि पाठ द्यायची. त्या पाठीवरून ऐंशी हजार वानर पार होतात.

हे समजावताना तुम्ही गळ्यातलं उपरणं काढलंत. एक टोक एका मुलाच्या हातात, दुसरं एका मुलीच्या. ती आंब्याची फांदी. उपरणं बरोबर पुरलं. मग तिच्याकडचं टोक घेऊन तुम्ही स्वतःच्या कमरेला वेढा दिलात, आणि मधे वीतभर नव्हे, चांगलं हातभर अंतर पडलं. पोरं एकदम गप्प झाली. तुम्ही वाकून तिचे दोन्ही हात धरलेत आणि उरलेली अख्खी गोष्ट तशीच, वाकलेल्या पाठीने सांगितलीत. शेवटचा वानर, म्हणजे त्या जन्मीचा देवदत्त, बुद्धाचा वैरी झालेला चुलतभाऊ, मुद्दाम उंचावरून पाठीवर आदळतो आणि वानरराजाचं काळीज फुटतं, तिथे तुमचा आवाज खाली गेला. हात मात्र सोडले नाहीत.

राजा त्या जखमी वानराला अलगद उतरवून घेतो, अंगाला तेल लावायला लावतो, साखरेचं पाणी पाजतो, हेही तुम्ही गाळलं नाहीत. भरहुतच्या बौद्ध स्तूपावरच्या याच गोष्टीच्या शिल्पात (ते आता कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे) पुलाखाली दोन माणसं कापड ताणून उभी आहेत, कुणी पडलंच तर झेलायला. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. जगात अशी माणसं पुष्कळ असतात, दादा, आणि ती असतात म्हणून बरंच काही तगून राहतं. तुम्हाला पाहून तीच दोघं आठवली.

पुढच्या हिवाळ्यात सातवीचा वर्ग येईल. सोमवारी लेणी बंद, म्हणून मंगळवारी आणू. उपरणं तेवढं बरोबर असू द्या.

आपली,
सहलीबरोबरची एक शिक्षिका