वावर तीन किलोमीटरवर, मग डिझेल कशाला?

पुणे

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, यावलला नवी गाडी घ्यायची तर डिझेलचीच, कारण डिझेल इंजिन दणकट असतं, असं तुम्ही म्हणता. दणकटपणाचं म्हणणं खोटं नाही. पण तुमच्या डोळ्यांसमोर जे इंजिन आहे, म्हणजे आपला ट्रॅक्टर, गावातली कमांडर जीप, जुनी बोलेरो, ते आता शोरूममध्ये मिळत नाही. ती इंजिनं काजळी धुरातून बाहेर टाकायची आणि चालत राहायची. १ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुरावरचे बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाडीला आपली काजळी आतच धरून ठेवावी लागते. मारुतीने तर त्याच महिन्यापासून डिझेल गाड्याच बंद केल्या, कारण छोट्या गाडीत ही सगळी यंत्रणा बसवली की किंमत परवडेनाशी होते.

ही काजळी धरणारी जाळी म्हणजे डीपीएफ. सायलेन्सरच्या वाटेवर चिनी मातीसारख्या पदार्थाची बारीक छिद्रांची चाळण असते, तिच्यात काजळी साठते. ती भरत आली की गाडीचा संगणक सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, एक्झॉस्टची उष्णता सुमारे ६०० अंशांवर नेतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. त्याला दहा ते वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाडी सलग, बऱ्या वेगाने चालत राहावी लागते. जळगाव–धुळे हायवेवर हे आपोआप होतं, चालवणाऱ्याला कळतही नाही.

आपलं वावर घरापासून तीन किलोमीटर. पाणंदीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जायचं, बागेत तासभर गाडी उभी, मग परत तीन किलोमीटर. एवढ्यात इंजिन ऑइल धड गरमही होत नाही. रिजनरेशन सुरू झालं तरी अर्ध्यावर गाडी बंद होणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं वारंवार झालं की दोन गोष्टी बिघडतात. एक, काजळी साठत जाते, आधी डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग गाडी ओढेनाशी होते. दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून जास्त वाईट: जाळण्यासाठी सोडलेलं डिझेल पुरतं जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना आणि टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याला, पुरेसं वंगण देत नाही. डीपीएफ बदलायची वेळ आली तर तो गाडीतल्या सर्वांत महाग भागांपैकी एक आहे, आणि वापराच्या सवयीमुळे तुंबला असेल तर वॉरंटीत बसेल याची खात्री नसते.

आता पैशांचं बघू. वर्षभराचा आपला वापर मी असा मांडला आहे. वावर जाऊन-येऊन ६ किमी, वर्षातले २५० दिवस, म्हणजे १,५००. आठवड्याला एकदा भुसावळ, जाऊन-येऊन ४० धरले तर साधारण २,०००. आईच्या तपासणीला महिन्यातून एकदा जळगाव, ९० किमीप्रमाणे १,०८०. पुण्याला वर्षातून दोनदा, दर खेपेला ९००, म्हणजे १,८००. लग्नकार्यं, मनुदेवी, मुक्ताईनगर मिळून आणखी ९००. एकूण ७,२८० किलोमीटर.

हिशोबापुरता पेट्रोलचा भाव १०५ आणि डिझेलचा ९१ रुपये धरा. पंपाच्या पाटीवर वेगळा असेल तर तो घाला. ॲव्हरेज मात्र कंपनी सांगते ते धरू नका. तो आकडा चाचणी केंद्रात ठरलेल्या वेगाने काढलेला असतो, त्यात मे महिन्यातला आपल्याकडचा एसी नसतो. पेट्रोल १५ आणि डिझेल २० धरा. पेट्रोलला किलोमीटरला ७ रुपये पडतात, डिझेलला ४ रुपये ५५ पैसे. दर किलोमीटरला २ रुपये ४५ पैसे वाचतात, हे खरं आहे. पण ते वाचवायला आधी किती मोजावे लागतात?

समजा एकच गाडी पेट्रोलमध्ये साडेआठ लाख आणि डिझेलमध्ये ९ लाख ७० हजार, शोरूमच्या भावात. जीएसटीचा फरक या मापात पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना सारखाच १८ टक्के लागतो. फरक पडतो तो आरटीओत. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी गाडीला एकरकमी रोड टॅक्स पेट्रोलला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहे. म्हणजे पेट्रोलला ९३,५०० आणि डिझेलला १,२६,१००. शोरूमचे १,२०,००० आणि टॅक्सचे ३२,६०० मिळून डिझेलला १,५२,६०० रुपये जास्त गेले. ते २ रुपये ४५ पैशांनी वसूल करायला ६२,००० च्या वर किलोमीटर लागतात. आपल्या वापराने साडेआठ वर्षं! जास्तीची रक्कम कर्जाने घेतली, पाच वर्षांना नऊ टक्के धरले, तर व्याजाचे साधारण ३७,५०० आणखी चढतात आणि वसुली साडेदहा वर्षांच्या पुढे जाते. सर्व्हिसिंग अजून धरलंच नाही. दीड लिटरच्या डिझेल इंजिनात साधारण पाच लिटर ऑइल बसतं, तेही डीपीएफला चालणारं कमी राखेचं, पेट्रोलच्या १.२ लिटरच्या इंजिनात साडेतीन लिटरच्या आसपास. डिझेल फिल्टर वेगळा, बॅटरी मोठी.

याच यावलमधून कुणी रोज जळगावला नोकरीला गाडीने जात असेल, तर मी त्याला बिनदिक्कत डिझेल सांगेन. रोज ९० किमी, वर्षाला तीनशे दिवस म्हणजे २७,००० किमी. त्याचे जास्तीचे पैसे अडीच वर्षांच्या आत वसूल होतात आणि हायवेवर डीपीएफही साफ राहतो. भाऊबंदांपैकी जे डिझेलची शिफारस करतात त्यांचं फिरणं तसं असेल. आपलं नाही.

बाबा, तुमची दुसरी शंका घाटाची. पेट्रोल गाडी चार माणसं आणि सामान घेऊन अजिंठ्याचा घाट चढेल का? चढेल, पण चालवायची पद्धत बदलावी लागेल. दीड लिटरचं डिझेल पंधराशे-सतराशे आरपीएमलाच (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना) आपली पूर्ण ओढ देतं, सुमारे २४० ते २५० न्यूटन मीटर. साध्या १.२ पेट्रोलची ओढ ११० ते ११५ आणि तीही चार हजारांच्या आसपास. डिझेलची सवय असलेला माणूस पेट्रोल गाडी चौथ्यातच रेटतो, इंजिन धडधडतं, मग तो म्हणतो हिच्यात दमच नाही. वळण येण्याआधीच तिसरा किंवा दुसरा टाका आणि इंजिनाला तीन-साडेतीन हजारांवर चढू द्या. आवाज वाढतो, त्याने इंजिनाला काही होत नाही. उतरताना चढलो त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच नाही. कन्नडच्या घाटातही हेच.

टर्बो पेट्रोल घ्या असं सेल्समन सांगेल. पिकअप छान असतो, पण ॲव्हरेज पायावर फार अवलंबून राहतं, ऑइल वेळेवर बदललं नाही तर टर्बो बसतो, आणि किंमत डिझेलच्या जवळ जाते. वर्षातून चार वेळा घाट चढायला ते नको. साधं, बिनटर्बोचं १.२ बरं.

पेट्रोलची कटकटही सांगते, नाही तर पत्र एका बाजूचं होईल. पंपावर आता मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. मी १५ धरलं त्यात हे आलं. नवी गाडी ई-२० साठीच बनवलेली असते, तिच्या रबरी नळ्यांना धोका नाही; जुनी, २०२३ च्या आधीची कुणी स्वस्तात देऊ केली तर मात्र मॅन्युअल बघूनच बोला. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात तुम्ही महिना-दोन महिने इकडे आलात तर निघताना टाकी फुल करून या, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, आणि झाकण टक् वाजेपर्यंत फिरवा.

तीन किलोमीटरच्या फेऱ्या पेट्रोललाही मानवत नाहीत. थंड इंजिनात वाफेचं पाणी आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं. फरक इतकाच की आठवड्याला भुसावळची एक फेरी झाली की तापमान चढतं आणि ते उडून जातं, तुंबायला डीपीएफ नाही. म्हणून ऑइल किलोमीटरवर न मोजता तारखेवर बदला: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आपल्याकडे नेहमी वर्षच आधी येणार. पाणंदीच्या फुफाट्यामुळे एअर फिल्टर दर पाच हजारांना काढून बघायला सांगा. बॅटरी पुण्यात टिकते तेवढी आपल्या ४५ अंशांत टिकत नाही. तिसऱ्या उन्हाळ्याच्या आधी तपासून घ्या. आणि एकट्याने वावरात जायचं असेल तर बाबा, मोटरसायकल विकू नका. गाडी आईसोबत जाताना काढा.

एवढं वाचूनही डिझेलच ठरलं, तर काही गोष्टी घरात सगळ्यांना, सालदारालासुद्धा, सांगून ठेवा. ट्रॅक्टरच्या ड्रममधलं डिझेल गाडीत टाकायचं नाही. नव्या इंजिनाचा पंप डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाने इंजेक्टरच्या केसाएवढ्या छिद्रातून मारतो. ड्रमच्या तळाचं पाणी आणि कचरा ट्रॅक्टरने पचवला तरी इथे इंजेक्टर जातात. काही डिझेल गाड्यांत ॲडब्लू नावाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते युरियाचं ३२.५ टक्के द्रावण असतं, पण शुद्ध युरिया आणि खनिज काढलेलं पाणी वापरून केलेलं. खताच्या गोणीतला युरिया बादलीत विरघळवून कुणीही ओतायचा नाही. पूर्ण यंत्रणा कामातून जाते. ॲडब्लू संपलं की गाडी आधी इशारे देते, नंतर बंद केल्यावर चालूच होत नाही. डीपीएफचा दिवा लागला की गाडी बंद न करता भुसावळच्या रस्त्याला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये वीस मिनिटं चालवायची. अशा वेळी वाळलेल्या पाचटावर किंवा कडब्याशेजारी गाडी उभी करू नका, खालून एक्झॉस्ट फार तापलेला असतो.

सीएनजीचं आई विचारत होती. खर्च सर्वांत कमी, पण बऱ्याच गाड्यांत डिकीतली जागा जाते, सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि गॅससाठी रांग लावायची तर कुठे व किती वेळ, हे एकदा जाऊन बघा. तुमच्या वयाला रांग नको असं मला वाटतं.

जळगावच्या शोरूमला जाल तेव्हा दुपारी जा, एसी लावून टेस्ट ड्राइव्ह घ्या आणि एकदा उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला. डिझेलचा क्लच बहुधा जड असतो. बाबा, डाव्या गुडघ्याला तो किती लागतो ते तिथेच कळेल. आई, तू मागच्या सीटवर नुसती बसू नकोस, तीनदा चढ-उतर करून बघ. सीट कमरेच्या उंचीला असली की गुडघ्यावर भार येत नाही, खोल बसावं लागलं तर ती गाडी सोडा.

कोटेशन लेखी घ्या. त्यात शोरूम किंमत, रोड टॅक्स, पासिंग, विमा अशा वेगळ्या ओळी हव्यात. हँडलिंग चार्ज दाखवला तर काढायला सांगा. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा लागतो, आणि १२०० व १५०० सीसी दोन्ही एकाच गटात येत असल्याने त्या भागात पेट्रोल-डिझेलचा फरक नसतो. टोकनचे पैसे देण्याआधी कोटेशनचा फोटो मला पाठवा, मी ओळ न ओळ तपासून त्याच रात्री फोन करते.

तुमची,
लेक