रात्री साडेनऊचा व्हिडिओ कॉल

संपादक महोदय,
पुण्यात २०२४ साली नोकरीला लागून चारच महिने झालेली एक तरुण सीए गेली, कामाच्या ताणाने तिचा जीव गेला असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र आपण सगळ्यांनी वाचलं, फॉरवर्ड केलं आणि विसरलो. मी बँकेत आहे. आमचे आधीचे मॅनेजर साहेब रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल लावायचे, विम्याचं टार्गेट कुणाचं किती राहिलं ते सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारायचे, ताटातली भाकरी तशीच वाळायची आणि मी आपला भिंतीला टेकून "हो सर, उद्या करतो सर". बेचाळिसाव्या वर्षी बीपीची गोळी चालू झाली. आता मॅडम आल्यात, टार्गेट तेच आहे बरं का, एक रुपयाने कमी नाही, पण त्या सकाळी काउंटरपाशी येऊन विचारतात काय अडतंय, आणि सातनंतर फोन नाही. झोप लागायला लागली. गोळी मात्र सुटली नाही.

ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात दहा हजारांवर लोक होते, त्यात दिसलं की ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. आमच्याकडे स्ट्रेस मॅनेजमेंटचं लेक्चर ठेवतात, तेही रविवारी, वर हजेरी कंपल्सरी! साहेबांच्या प्रमोशनआधी हाताखालच्या लोकांना एकदा, नाव न लिहिता, विचारा की.

- एक बँक कर्मचारी, नाशिक